उपग्रहाचे शेअर आणि कणकुंबीचं वळण

महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावर उपग्रह संदेशवहनात गुंतवणुकीची संधी असल्याचा लेख वाचला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी दोन लेथची शेड आहे. नव्या पार्टीचं जॉबवर्क घेताना आम्ही दोनच गोष्टी विचारतो: माल पुढं कुणाला जातो आणि पेमेंट किती दिवसांनी येतं. लेखात नेमक्या ह्याच दोन गोष्टी सापडल्या नाहीत.

गरज आहे, हे मला कुणी सांगायला नको. बहीण कणकुंबीकडं, खानापूरच्या जंगलपट्ट्यात दिलीय. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवर झोपतो. मग भावोजी छत्री घेऊन रस्त्याच्या वरच्या वळणावर चढतात, तेव्हा कुठं फोन लागतो. पण साध्या रिचार्जलाही चार दिवस ढकलणारा हा माणूस उपग्रहाच्या इंटरनेटला दरमहा पैसे मोजेल? मला नाही वाटत. खरं गिऱ्हाईक जहाजं, विमानं, सैन्य, आडगावातली बँकेची एटीएम. त्यांचा हिशेब मांडा.

उपग्रह फोनवाल्या इरिडियम कंपनीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 1998 मध्ये सेवा सुरू झाली. 66 उपग्रहांचं जाळं वर फिरत होतं, तरी ऑगस्ट 1999 मध्ये कंपनी दिवाळखोरीत. फोन विटेएवढा, घरात शिरलं की रेंज गायब, आणि तोवर साधे मोबाइल स्वस्त झालेले. सुमारे 5 अब्ज डॉलर ओतलेलं ते जाळं पुढं अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकलं गेलं. घेणाऱ्यानं ते चालवून दाखवलं, बुडाले ते पहिले गुंतवणूकदार. उपग्रह इंटरनेटची वनवेब कंपनीही मार्च 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली होती. एअरटेलवाल्या भारतीनं आणि ब्रिटन सरकारनं उचलून धरली, मग आपल्या इस्रोनं तिचे 72 उपग्रह दोन खेपांत सोडले (छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू).

शिवाय स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतले उपग्रह साधारण 5 वर्षंच टिकतात. आमच्या लेथच्या इन्सर्टसारखं (धातू कापणारा तुकडा), झिजला की नवा घाला. तो खर्च लेखात कुठं आहे?

शेजारच्या शेडमधल्या पोरानं भिशीचे 40 हजार एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘लिस्टिंगच्या आधीचे’ (शेअर बाजारात येण्याआधीचे) उपग्रहाचे शेअर म्हणून पाठवले. ग्रुप गायब झाल्यावर शेअर शोधायला बसलो, तर कळलं की शेअर जिथं जमा होतात ते डिमॅट खातंच पोराचं नाही.

पुढं अशा कंपन्यांची यादी छापाल तेव्हा गिऱ्हाईक, हातातल्या ऑर्डरी आणि कर्ज, हे तीन रकाने तेवढे घाला.

– एक लेथवाला, अनगोळ, बेळगाव