कुळथाच्या पिठातलं पत्र

वेंगुर्ले
शुक्रवार, दुपार

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

पत्र कुळथाच्या पिठाच्या पिशवीत घातलंय. ते पीठ तुझ्याशिवाय त्या घरात कुणी उघडत नाही. फोन केला की तुझ्या मागे टीव्हीचा आणि सासूबाईंचा आवाज येतो, आणि तू नुसतं हो आई, नाही आई करतेस. मंगळवारी तर फोनच ठेवलास. मी तरी काय विचारलं? नव्या डॉक्टरीणबाईंना ते पोट आवळून घेतल्याच्या ऑपरेशनचं सांगितलंस का, एवढंच. ‘बघते’ म्हणालीस. तुझं ‘बघते’ म्हणजे ‘नाही’, हे तू चौथीत असल्यापासून मला ठाऊक आहे.

रागावून लिहीत नाही. तुला दिवस गेल्याची बातमी ऐकली तेव्हा पहिल्यांदा बाबांच्या फोटोपुढे साखर ठेवली. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘जुळ्यांका बहीण होयी.’ तिचं सोड. अकरावा आठवडा आहे, तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, म्हणून मी शेजारच्या वैनींनाही कळू दिलेलं नाही. फक्त आंब्याखाली झाडताना एकटीच हसत होते, ते त्यांनी पाहिलं.

२०२२ साली महाबळेश्वरला जाते म्हणून सांगितलंस आणि आठ दिवसांनी फोन आला की पोटाचं ऑपरेशन झालंय, दोन नळ्या आहेत, म्हातारीसारखी वाकून चालतेस. तेव्हा मी जे बोलले ते तुला पाठ असेल. ‘नटायला पोट फाडून घेतलंस.’ ३१ वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली आणि पोटच्या पोरीला हे बोलले. कुडाळच्या लग्नात तुला मावशीने ‘कितवा महिना?’ विचारलं होतं, जुळी तीन वर्षांची होती तेव्हा. तू ‘पाचवा’ म्हणालीस आणि ताटातली जिलबी उचललीस. सगळ्या हसल्या. मीही हसले. रात्री तू कंबर धरून भिंतीला टेकून बसलेलीस, तेव्हा तुला उताणी झोपवून मान उचलायला लावून पोटावर हात फिरवला असता तर मला तेव्हाच कळलं असतं. दोन स्नायूंमध्ये चार बोटं जातील एवढी फट. दुसऱ्यांच्या सुनांची पोटं तपासली, तुझं नाही तपासलं. नंतर मे महिन्यात आलीस तेव्हा तपासलं, तर बोट आत जाईना. काम चांगलं केलं होतं, हे मी त्या वेळी म्हणायला हवं होतं.

परवा कुडाळला जाऊन ओळखीच्या डॉक्टरांना विचारून आले. एका बाईचं आहे, म्हटलं. त्या हसल्या, म्हणजे कळलं असणार. त्या ऑपरेशनात गर्भपिशवीला हात लावत नाहीत. पुढचे स्नायू मधोमध दोऱ्याने जवळ आणतात आणि वरची सैल कातडी काढतात. त्यामुळे बाळ आपलं वाढतं. निदान वर्षभर थांबायला सांगतात, तुला तीन वर्षं होऊन गेली. पोट ओढल्यासारखं होईल, पाठ दुखेल, शेवटी शेवटी श्वास पुरत नाही असं वाटेल. त्या टाक्यांमुळे सिझरच करावं लागतं असंही नाही. तुझ्या बाबतीत आधी विचार होणार तो जुळ्यांच्या वेळच्या सिझरचा, गर्भपिशवीवरच्या टाक्यांचा. पोट मात्र पुन्हा सैल होऊ शकतं, स्नायू पुन्हा फाकू शकतात. झालंच तर बाळाचं दूध सुटल्यावर हवं तर परत करून घे. या वेळी महाबळेश्वर नको, मी येते.

मला वेडीला दुसरीच काळजी. आम्ही नर्सबाया हातानेच महिने ओळखतो. १२ आठवड्यांना गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम हाताला लागते, २४ ला बेंबीशी, ३६ ला छातीच्या खालच्या खळग्याशी. तुझी बेंबी ऑपरेशनात हलवली असं तू म्हणालेलीस, मग मोजायचं कुठून? डॉक्टर म्हणाल्या, बेंबी देठासकट जागेवरच असते. कातडी खाली ओढतात आणि तिच्यासाठी नवीन भोक पाडतात. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. बेंबीखाली तुला अजून बधिर वाटतं ना, तिथे गरम पाण्याची पिशवी धरू नकोस, भाजलेलं कळणार नाही. बाळाच्या लाथा कळतील, त्या आतून लागतात.

हे सगळं ठीक आहे गं. पण हे ज्या बाईला माहीत हवं तिला माहीत आहे का? तुझा व्रण सिझरच्याच रेघेत आहे. घाईत बघणारीला वाटेल, सिझरचाच, जरा लांब. सासूबाई तपासणीला शेजारी बसतात, त्यांना तेव्हा हर्नियाचं सांगितलंत, आणि आता तू त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाहीस. महेशरावांना तरी बोलू दे.

माझ्याकडे एक मुलगी पहिलटकरीण म्हणून नोंदवली होती. पोटावरचा व्रण अपेंडिक्सचा म्हणाली, सासू बाजूलाच उभी. मी मान डोलावली आणि कार्डावर तेच लिहिलं. मुंबईला तिचं आधी एक सिझर झालेलं होतं, पहिल्या लग्नातलं. कळा सुरू झाल्यावर जीपमध्ये माझा हात धरून सांगितलंन. जुलैची रात्र, सावंतवाडीच्या रस्त्यावर झाड पडलेलं. दोघंही वाचली, पोरगा आता कॉलेजात आहे. पण त्या जीपमध्ये मी जेवढे देव आठवले तेवढे तुझ्या जन्माच्या वेळीही आठवले नव्हते. व्रण बघून मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, सासूला चहा आणायला पाठवून.

घाबरवायला नाही सांगितलं. बघ, परत तेच केलं. तुझे बाबा म्हणायचे, तू घरातही ड्युटीवरच असतेस.

सातव्यात इकडे ये असं मन म्हणतं. तुझी खोली सारवून, नाही, आता लाद्या आहेत, पुसून ठेवीन. पण येऊ नकोस. एक सिझर झालेलं, वर हे ऑपरेशन, आणि इथून अवघड काही झालं की गोव्याला बांबोळी गाठावी लागते. तू ठाण्यातच राहा, मीच येईन. जुळ्यांना शाळेत सोडायचं काम माझं. आजीला तात्यांकडे ठेवीन, ती कुरकुरेल.

पिशवी तात्यांच्या बंड्याकडे दिलीय, तो कोकणकन्येने येतोय. आमसुलं आहेत, नाचणीचं पीठ आहे, काजूगर थोडे आहेत, ते जुळ्यांना दाखवू नकोस. चौथ्यात लोहाच्या गोळ्या सुरू होतील, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाहीत. हे तुला माहीत आहे, तरी लिहिलं.

पुढची तपासणी सोमवारी म्हणालीस. सासूबाईंना त्या दिवशी जुळ्यांपाशी घरी ठेव. ऑपरेशनच्या वेळची फाईल कपाटात असेल ती ने, नसली तर कागदावर चार ओळी लिहून डॉक्टरीणबाईंच्या हातात दे, बोलावंसुद्धा लागणार नाही. आणि संध्याकाळी मला फोन कर. मी दुसरं काही विचारणार नाही, फक्त सांगितलंस का, एवढंच.

तुझी
आई