‘टस्क’वर अन्याय नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील फ्लीटवूड मॅक या रॉक बँडच्या ‘टस्क’ या अल्बमवरचा लेख आणि त्यावरील वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. बहुतेकांचा सूर एकच : आधीच्या ‘रूमर्स’ या अल्बमची सर याला नाही. ही तुलनाच मला पटत नाही.

१९७७ च्या ‘रूमर्स’ने विक्रीचे उच्चांक गाठले, ग्रॅमीही मिळवले. त्याच साच्यातला दुसरा अल्बम काढणे या मंडळींना अवघड नव्हते. पण बँडचा गिटारवादक-गायक लिंडसे बकिंगहॅमने ती वाट नाकारली. १९७९ मध्ये वीस गाण्यांचा जोडअल्बम आला. शीर्षकगीतात तर विद्यापीठाच्या मार्चिंग बँडचे ढोल आणि पितळी वाद्ये दणाणतात. काही गाणी फसली आहेत, दोन-तीन मीही न ऐकता पुढे जातो. मात्र बँडची गायिका ख्रिस्टीन मॅकव्हीचे ‘ओव्हर अँड ओव्हर’ ऐकूनही ‘गोडवा हरवला’ म्हणणाऱ्यांपुढे काय बोलावे?

लेखात एक गोष्ट राहून गेली. हा अल्बम प्रथम सीडीवर आला तेव्हा सगळे एकाच तबकडीत मावावे म्हणून त्यातल्या ‘सारा’ या गाण्याला कात्री लावली गेली. सहा मिनिटांहून मोठे गाणे पाच मिनिटांच्या आत आले, मधले कडवेच गळाले. ते गाणाऱ्या स्टीव्ही निक्सचा आवाज जिथे रेंगाळायला हवा, तिथे गाणे घाईने पुढे सरकते. सीताबर्डीत सीडी धुंडाळणाऱ्या आमच्या पिढीतील अनेकांचे मत या कापलेल्या गाण्यावरच बनले असणार. त्यांनी आता मूळ ‘सारा’ ऐकावे आणि मग खुशाल नावे ठेवावीत.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर