डॅशबोर्डच्या खणात ठेवायचं पत्र

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री साडेदहाला पुण्यात पोचले. डबा कराडच्या पुढं उघडला, धपाटी अजून मऊ होती.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण गाडीचा विषय निघाला की बाबा ‘व्हय, व्हय’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की हे पत्र गाडीत, डॅशबोर्डच्या खणात आरसी बुकाबरोबर ठेवा.

आधी बाबांच्या हाताचं. तुमच्या उजव्या मनगटावरची कातडी अजून गुलाबी आहे. केर्ली सोडून जोतिबाचा चढ लागला, गाडीनं वाफ टाकली, तुम्ही बॉनेट उघडलंत आणि ओला टॉवेल धरून लगेच रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, झाकण फिरवलंत. मला हे आठ दिवसांनी कळलं, तेही तुम्ही आंघोळीला गेल्यावर आईनं हळू आवाजात सांगितलं म्हणून. बाबा, ते पाणी तोंडावर आलं असतं तर? चार दिवस मी गाडीखाली होते, पण डोक्यात सारखं तेवढंच होतं.

आई, तुला यातलं लगेच कळेल, कारण हा सगळा कुकरचा प्रकार आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी साधारण एकशेवीसपर्यंत जातं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रिंग दोन्ही. आपल्या झाकणावर ०.९ असा आकडा आहे, तेवढा दाब ते धरून ठेवतं आणि त्यामुळं आतलं पाणी शंभरावर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तापलेलं पाणी एका क्षणात उकळून बाहेर उडतं. वाफ न जिरवता तू कधी कुकर उघडशील का? रिंग जरा कडक झाली तरी तू नवी आणतेस. या झाकणाचं रबर मात्र गाडी घेतल्यापासून तेच होतं, नखानं दाबलं तर चिरलं. आता नवं बसवलंय.

तेव्हा गाडी गरम झाली की झाकणाला हात लावायचा नाही. निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरचा जाड रबरी पाइप हातात धरवला आणि दाबल्यावर मऊ लागला, तर समजायचं आतला दाब उतरला. खरं तर तुम्ही झाकण उघडूच नका. बाजूची प्लॅस्टिकची बाटली आहे, जे काय घालायचं ते त्यात.

बाबा म्हणतात, ‘उन्हाळ्यात गाडीला तहान लागते, दुसरं काय न्हाई.’ म्हणून रोज सकाळी बोअरचं तांब्याभर पाणी. पण हे पाणी खर्च व्हायला नकोच, ते आतल्या आत फिरतं. धडधाकट गाडीला वर्षभरात कसंबसं थोडं लागतं. रोज तांब्या लागतोय म्हणजे कुठंतरी गळतंय. शुक्रवारी रात्री मी गाडीखाली ‘पुढारी’चे जुने अंक अंथरले. सकाळी दोन ठिकाणी ओल होती. एक खालच्या पाइपच्या क्लिपाखाली, तिथं हिरवट-पांढरं किटण धरलं होतं. दुसरी वॉटर पंपाच्या खाली. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो. पंप आणि क्लिप दोन्ही बदलले.

माझी खरी भीती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलची होती. ऑइलची पट्टी ओढून बघताना हात थरथरत होता, हे तेव्हा तुम्हाला बोलले नाही. ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गाडी थंड असताना झाकण काढून चालू केली, तर बुडबुडेही सारखे येत नव्हते. थोडक्यात वाचलं. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभे राहिलात, बिडाचं ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम मी तुम्हाला काय शिकवणार? पण आपल्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. काटा लाल रेघेवर असताना ‘आलंच की देऊळ’ म्हणत दोन किलोमीटर दामटली, की हेड वाकतं. मग फेस मारून हेड सपाट करा, गॅस्केट घाला, हजारोंचं काम. पैशापेक्षाही, तुम्ही दोघं घाटात अडकून पडाल याची मला काळजी आहे.

आता गरम का होत होती ते. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला काटा चढायचा आणि शिरोलीच्या बाजूला हायवेला लागलं की उतरायचा. उभ्या गाडीला वारा देतो पंखा, पळत्या गाडीला रस्त्यावरचा वारा मिळतो. म्हणजे दोष पंख्याकडं. रेडिएटरमधल्या स्विचच्या दोन्ही वायरी जोडून बघितल्या, पंखा भर्रकन फिरला. मोटर चांगली होती, स्विच मेला होता. तो बदलल्यावर मला वाटलं झालं काम, पण संध्याकाळी जोतिबाच्या चढाला काटा पुन्हा वर.

तेव्हा रेडिएटर उतरवला. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत उसाच्या पाचटाचं भुस्कट, धूळ, मेलेले किडे असा थर बसला होता, गोधडी घातल्यासारखा. साऱ्या हंगामात आपण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जातो, दुसरं काय होणार! आणि आतलं पाणी सोडलं तर पंचगंगेला पहिला पूर आल्यावर दिसतं तसं. बोअरच्या क्षाराचं कीट आणि गंज. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी नळ्यांत उजेड टाकून बघितला आणि म्हणाले, ‘ताई, निम्म्या बुजल्यात.’ साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवाच बसवला.

हिवाळ्यात हे का कळलं नाही, असं बाबांनी विचारलं होतं आणि तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. इंजिनातलं पाणी नव्वद अंशांवर आणि हवा पंचवीसवर, तर फरक पासष्टचा. हवा चाळीसवर गेली की फरक पन्नासच उरतो. रेडिएटरची उष्णता टाकायची ताकद त्या फरकावर चालते, म्हणजे जवळजवळ पाव ताकद उन्हानंच खाल्ली. निम्म्या बुजलेल्या रेडिएटरवर थंडीत निभावतं, वैशाखात निभावत नाही.

थर्मोस्टॅटचं मात्र मनाला लागलं. त्याचं घर उघडलं तर आत काहीच नाही! मागं कधीतरी कुणा मेकॅनिकनं ‘आपल्याकडं उन्हाळ्यात याची गरज नसते’ म्हणून काढून टाकला, आणि बाबांनी विश्वास ठेवला. गरज असते. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो नसला की इंजिन फार वेळ थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. अडकून बंद राहिला तर गरम होते हे खरं, पण मग तो बदलायचा, काढून फेकायचा नाही. नवा आणला तो बसवायच्या आधी आईच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला होता, आठवतंय? त्यावर ८२ कोरलेलं. आई थर्मामीटर धरून मोठ्यानं आकडे वाचत होती. ऐंशी झाले तरी ढिम्म, आणि ब्याऐंशी ओलांडल्यावर मधली तबकडी हळूच उचलली. बाबा, तुम्ही लांब खुर्चीत होता, तिथून उठून आलात आणि वाकून बघितलंत. कितीतरी दिवसांनी तुमचा तो चेहरा बघितला, नवा जॉब मशीनवर चढवताना असायचा तो.

आता आत हिरवं कूलंट आहे, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी पुन्हा घालायचं नाही. वाटेत अडचणच आली तर प्यायच्या बाटलीतलं घाला, पण इंजिन थंड झाल्यावर, आणि मग मला सांगा. उरलेला कॅन माळ्यावर ठेवलाय. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं, म्हणून खाली सांडलं तर लगेच धुवा. गल्लीतली कुत्री येऊन चाटतील.

तरी कधी काटा मधल्या खुणेच्या वर जायला लागलाच, तर आधी एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण सोडायचा. बाबा, हे ऐकून तुम्ही माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं होतंत. पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत ओढतो. पाच मिनिटं घाम येईल, इंजिन वाचेल. तरीही काटा लालकडं निघाला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. आणि गाडीत बसून राहू नका. आईला बीपीची गोळी आहे, तिला आधी झाडाखाली बसवा, पाणी द्या, मग गाडीकडं बघा. गाडी तिथंच टाकून रिक्षानं घरी आलात तरी मी काही म्हणणार नाही.

जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला जा, जरूर जा. फक्त सकाळी सातला निघा आणि अकराच्या आत घरी या.

दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, त्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा फोटो आईनं मला पाठवायचा. पातळी दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. बाबांनी पाठवलेला चालणार नाही, ते आधी पाणी घालून मग फोटो काढतील.

बाबा, मनगटाला खोबरेल लावत राहा, आणि उन्हात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट घाला.

आई, ते पातेलं घासून मोरीत पालथं ठेवलंय. त्यात आता दूध तापवू नकोस, झाडांना पाणी घालायला घे.

तुमची लेक