नंदास पत्र: त्या वेळेच्या ओळींबद्दल

प्रिय नंदे,

दिवाळीनंतर लगेच लिहिते म्हणाले होते, आता संक्रांत आली. तू रागावली असशील, आणि तो राग हक्काचा आहे. इकडे सगळे बरे. ह्यांची शुगर ताब्यात, माझा खांदा आहे तसाच. पण आज राहवलं नाही, कारण हे दुःख फक्त तुलाच कळेल. मंडळाच्या अभिवाचनासाठी आपले एमी आणि लिओ, म्हणजे डानिएल ग्लाटाउअरची नुसत्या ईमेलमधून उलगडणारी जर्मन कादंबरी 'गुट गेगेन नॉर्डविंड' ठरली, आणि पहिल्याच बैठकीत संहितेतल्या वेळेच्या ओळींवर लाल रेघा ओढल्या गेल्या.

सगळ्या ओळींवर. 'इतक्या मिनिटांनी', 'दुसऱ्या दिवशी', एकही ठेवली नाही. म्हणे श्रोते कंटाळतात. त्याऐवजी प्रत्येक मेलला मोबाइलसारखा 'टुंग' आवाज देऊ.

तू सुरुवात आठव. एमी रोटनरला 'लाइक' मासिकाची वर्गणी बंद करायची आहे. एक मेल. १८ दिवसांनी दुसरा. त्यानंतर ३३ दिवसांनी तिसरा, चांगलाच तापलेला. आणि मग ८ मिनिटांत उत्तर: पत्ता चुकलाय, हा खासगी आहे. ५ मिनिटांनी तिची माफी. त्यानंतर एकदम ९ महिने! तिच्या नाताळच्या शुभेच्छांचा सामुदायिक मेल चुकून त्याच्याकडे जातो, आणि लिओ २ मिनिटांत उत्तर देतो. प्रेमाचा एक शब्द नाही, तरी सगळं ठरून गेलेलं असतं. ५१ दिवस जिला कुणी दाद दिली नाही, तिला एक परका माणूस ८ मिनिटांत विचारतो. 'टुंग'मध्ये १८ दिवस आणि २ मिनिटं सारखीच वाजणार.

आणि शेवट? तिथे तर मी बैठकीत बोलूच शकले नाही, घसा दाटला. दोनशेच्या वर पानं ग्लाटाउअर आपल्याला एक सवय लावतो: उत्तर लवकर आलं म्हणजे समोरचा माणूस वाट बघत बसला होता. मिनिटं कमी झाली की आपला जीव भांड्यात पडतो. शेवटच्या मेललाही सेकंदांत उत्तर येतं, आणि ते यंत्राचं असतं: हा पत्ता बदलला आहे, नवे मेल आपोआप पुसले जातील. सगळ्यांत झटपट उत्तर तेच, आणि त्यामागे माणूसच नाही. वेळ ऐकूच आली नसेल, तर श्रोत्याला ही फक्त तांत्रिक सूचना वाटेल.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन नाही, तीन आवाज हवेत. तिसऱ्याने बाजूला बसून फक्त वेळ सांगायची, अजिबात भाव न घालता. '२ मिनिटांनी' म्हटल्यावर थांबायचं नाही, लगेच मेल. '९ महिन्यांनी' म्हटल्यावर मनातल्या मनात सातपर्यंत मोजायचं. त्याहून जास्त थांबलं तर वाचणारा ओळ विसरला असं वाटतं. शेवटचं यंत्राचं उत्तरही याच आवाजात. दीड तास ज्याने वेळ मोजली, त्यानेच दार लावायचं.

एमीचा नवरा बर्नहार्ड तिच्या नकळत लिओला लिहितो, ते पत्र मात्र तिसऱ्याला द्यायचं नाही. ते लिओच्या हातात पडतं, म्हणून लिओच वाचेल. तिथून पुढे लिओला आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते एमीला ठाऊक नाही, आणि तिची प्रत्येक थट्टा ऐकताना पोटात कालवतं. आपलं जुनं भांडण आठवतं? पत्रांच्या कादंबरीत लेखक दिसत नाही, तो हात झटकून मोकळा होतो, असं तू म्हणायचीस. नंदे, तो क्रमात असतो! लाक्लो या फ्रेंच लेखकाच्या १७८२ च्या 'ले लिएझाँ दांजरझ' या कादंबरीत १७५ पत्रं आहेत. त्यातलं ४८ वं सुटं वाचलं तर व्याकूळ प्रेमपत्र. पण ४७ वं आधी वाचलेलं असतं, म्हणून ते दुसऱ्याच बाईच्या पाठीचं मेज करून लिहिलंय हे आपल्याला माहीत असतं, आणि तोच शब्द न् शब्द घाण वाटतो. अक्षर बदललेलं नाही, फक्त आधी काय वाचलं ते बदललं.

'तुम्हारी अमृता'त शबाना आझमी आणि फारूक शेख दोघंच होते, मग तिसरा कशाला, असंही विचारलं गेलं. तिथे पत्रं आयुष्यभराची आहेत, वय आवाजातून कळतं. इथे हिशेब मिनिटांचा आहे.

दुसरी काळजी भाषेची. आपण मराठी करतोय इंग्रजी अनुवादावरून, जो नवराबायकोने मिळून केलाय, एमीचे मेल तिने आणि लिओचे त्याने. तो सुरेखच आहे, पण इंग्रजीत 'यू' एकच. जर्मनमध्ये दोघं 'झी'ने, म्हणजे आपल्या 'तुम्ही'ने सुरू करतात. आमच्या कच्च्या खर्ड्यात तिसऱ्याच पानावर 'तू' आलंय, का तर प्रेमकथा आहे! अगं, उत्तरेच्या वाऱ्याने झोप उडालेल्या बाईला 'लिओ, तुम्ही जागे आहात का?' विचारावंसं वाटतं, त्यात जी ओढ आहे ती 'तू'मध्ये कुठे? शिवाय पहिल्या मेलखाली नुसतं 'ई. रोटनर' आहे. खर्ड्यात 'बंद करू इच्छिते' लिहून ठेवलंय. त्या 'ते'ने बाई असल्याचं फुटलं. 'वर्गणी बंद करावी, ही विनंती' एवढं पुरे. लिओच्या उत्तरात 'तुम्ही तिसरे आहात' असंच हवं, 'तिसऱ्या' नाही. आणि 'एमा'-'एमी' एकसारखं करायला निघालेत! नवरा कायम 'एमा' म्हणतो, म्हणून शेवटी लिओला भेटायला निघालेली असताना त्याच्या तोंडून 'एमी' निघताच ती दारातून परत फिरते. हे नाव सरसकट केलं तर ती का थांबली ते कुणालाच कळणार नाही.

वेळ ९० मिनिटं मिळालीय. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर शांतता वगळून दहा हजार शब्द बसतात. कापायचे तर लांब मेलमधले मधले परिच्छेद कापू. वेळेच्या सगळ्या ओळी मिळून पाच-सात मिनिटंसुद्धा होत नाहीत, मी घड्याळ लावून वाचल्या.

धाकटीचं बाळ कसं आहे? नाव काय ठेवलं ते कळव. घराचं रंगकाम झालं का? अप्पांना नमस्कार.

आता मुख्य. कॉलेजात मी तुला म्हटलं होतं की तू कविता रेल्वेच्या उद्घोषणेसारखी वाचतेस, आणि तू चार महिने बोलली नव्हतीस. ते मी मनापासून मागे घेते. तिसरा आवाज मला तसाच हवाय. तालमी शनिवार-रविवारी संध्याकाळी, प्रयोग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. येशील?

तुझी,
कुंदा

ता.क. येताना तुझी प्रत आण. समासात तू पेन्सिलने दिवस मोजून लिहिले होतेस, ते बैठकीत दाखवायचेत.