फिरत्या गिरमिटाजवळची बेफिकिरी

महोदय,

आमच्या वस्तीत कुंपणाच्या खांबांसाठी हायड्रॉलिक ऑगरने (तेलाच्या दाबावर मोठे गिरमिट फिरवून जमिनीत खड्डा पाडणाऱ्या यंत्राने) खड्डे घेतले जात असताना एक मजूर, गळ्यातला दुपट्टा तसाच लोंबता ठेवून, फिरत्या गिरमिटाला चिकटलेली काळी माती फावड्याने खरवडत होता, हे पाहून जीव थरारला. इंजिन बंद करून आणि तेलाचा दाब उतरवूनच ती माती काढायची असते. नागपुरात वरची चिकण माती सरली की मुरूम किंवा खडक लागतो आणि गिरमिट अडकताच यंत्र जोराचा हिसका देते. नळीची गळती हाताने चाचपणे तर फारच घातक, कारण दाबाखालचे तेल कातडीत शिरते. कंत्राटदारांनी खोदण्यापूर्वी भूमिगत वीजवाहिन्यांची खात्री करावी आणि उघडे खड्डे रात्री झाकावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नागरिक, नागपूर