हळदीचा कागद मुलांच्या हातात द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळाशाळांत प्रयोग होतात. बहुतेकदा टेबलावर एक जण करतो आणि सगळा वर्ग माना उंचावून बघतो. तिसरी-चौथीच्या मुलांना तो स्वतः करायला मिळावा, यासाठी हे पत्र.

चमचाभर हळद तीन चमचे पाण्यात कालवून ड्रॉइंगच्या कागदावर फासावी आणि सावलीत वाळवावी; उन्हात रंग उडतो. गुळगुळीत कागदावर हळद धरत नाही. बोटाएवढ्या पट्ट्या कापून प्रत्येकाला दोन-तीन द्याव्यात. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की डाग लालसर होतो, त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा.

बिनसते ते साहित्यात. भांडी घासायचे लिक्विड बहुधा उदासीन असते, म्हणजे ना लिंबासारखे आम्ल, ना साबणासारखे आम्लारी; त्याने रंग हलत नाही. कपड्यांची साबणवडी घ्यावी. खायच्या सोड्याने जेमतेम नारिंगी छटा येते. पिवळ्या पट्टीवर नुसते लिंबू पिळले तर काहीच होत नाही, कारण हळद आम्लारी ओळखते, आम्ल नाही. मुलांना वाटते प्रयोग फसला, आणि तास पुढे सरकतो. थांबायला हवे ते नेमके इथे. लाल जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट पट्टी तयार होते. लिंबाने ती गुलाबी होते, साबणाने हिरवट. मग ताक, चिंचेचे पाणी, मिठाचे पाणी दोन्ही पट्ट्यांवर टाकून मुलांनीच या पदार्थांचे गट पाडावेत. मिठाचे पाणी कुठेच बसत नाही, यावर वर्गात छान वाद होतो. चुना आणि धुण्याचा सोडा मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेल्यास इजा होते.

साहेब, सुट्या हळदीची, लिंबांची पक्की पावती मिळत नाही, म्हणून हा खर्च शिक्षकाच्या खिशातून जातो. शाळा अनुदानातून अशा किरकोळ खर्चासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे साधे व्हाउचर ग्राह्य धरावे, असे स्पष्ट परिपत्रक काढावे. परिसर अभ्यासासाठी आठवड्यातून एक जोडतासिका द्यावी. पट्टी वाळेपर्यंत एक तासिका संपते. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत शिक्षकांनी हे प्रयोग, बिघडणाऱ्या साहित्यासकट, स्वतः करून पाहावेत. तयार विज्ञानपेट्या मात्र पाठवू नयेत. फुटेल, हरवेल या धास्तीने त्या कपाटातच राहतात. हळद संपली तर गावातल्या दुकानात मिळते.

आपले,
प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवणारे शिक्षक