महाबळेश्वर मुक्काम : काचेवरचं हिम काढण्याबाबत सूचना

सदस्यहो,

शनिवारी आपला मुक्काम वेण्णा तलावाजवळ आहे. कडाक्याच्या थंडीत तिथे पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपावर आणि काचांवर पांढरा थर चढतो. रविवारी सकाळी 7 ला साताऱ्याकडे निघायचंय. गाडी चालवणाऱ्यांनी 15 मिनिटं आधी खाली यावं.

• काचेवर गरम पाणी अजिबात ओतू नका, कुणी बादली आणून दिली तरी नको. गारठलेली काच एकदम तापली की तडकते. खडा लागून टवका उडालेला असेल तर धोका जास्तच.
• इंजिन सुरू करून ब्लोअर समोरच्या काचेवर ठेवा, गरम हवा हळूहळू वाढवा.
• चिकटलेले वायपर चालवू नका, रबर फाटतं.
• रात्रीच काचेवर पुठ्ठा लावा.

अख्खी काच स्वच्छ झाल्याशिवाय केळघर घाटात उतरायचं नाही.